उशीर न झालेल्या मुली

नागपुरात थंडी आली हे आमच्या घरात कूलर सांगतो. मार्चपासून खिडकीत बसून घरघर करणारा तो लोखंडी पाहुणा दिवाळीनंतर एकदाचा गप्प होतो. मग त्याच्या पोटातलं उरलंसुरलं पाणी काढायचं, कुजलेलं गवत फेकायचं, अंगावर जुनी चादर टाकायची आणि सुतळीने करकचून बांधायचं. ती शेवटची गाठ मारली की मी कपाटातून स्वेटर काढते. यंदा गाठ मारून चारच दिवस झाले होते. सकाळी पावणेसहाला मी गाडी काढून दूध आणायला निघाले. कान मफलरात आणि नाक उघडं, त्यामुळे धरमपेठेतली सगळी थंडी माझ्या नाकावर बसलेली. गल्लीतले दिवे अजून जळत होते आणि माझ्या पुढे एक मुलगी पळत होती. पाठीवर कॉलेजची बॅग, वेणी एकदा या खांद्यावर, एकदा त्या.

मी विचार वगैरे केला नाही. गाडी तिच्या बाजूला नेली, ब्रेक लावला आणि म्हणाले, "उशीर झाला का गं क्लासला? बस, सोडून देते."

ती थांबली. कानात गाणं चालू होतं ते बंद केलं. "नाही काकू," ती म्हणाली, "मी रनिंग करून राहिली."

"मग बॅग?"

"सातला क्लास आहे नं. तिकडूनच जाते डायरेक्ट." एवढं बोलून ती गेलीसुद्धा. लाजली नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही, माझा राग तर नाहीच केला. मी गाडी चालू ठेवून तिथेच उभी राहिले आणि मग इतक्या जोरात हसले की दुधाच्या दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

हसण्याचं कारण असं, की सोळाव्या वर्षी एका थंडीत माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. एकदा नाही, ओळीने अकरा दिवस. तेव्हा गाडीवर एक काका होते आणि पळणारी मी होते. आता काकांच्या जागी मी जाऊन बसले होते. नागपूरच्या माणसाचा हा जुनाच आजार आहे. कोणी पायी जाताना दिसलं की याचा जीव खालीवर होतो. पळताना दिसलं तर विचारूच नका.

दुधाची पिशवी घेऊन घरी आले तर माझी रूही पांघरुणाची गुंडाळी करून आत झोपलेली. रूही म्हणजे माझी मुलगी. यंदाच दहावी होऊन अकरावीला गेली. शाळेत असताना ही पोरगी घरात चालत कधी आलीच नाही, पळतच आली. खो-खोच्या टीममध्ये होती. आता चपलांच्या रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर तिचे बूट आहेत, मोजे आत कोंबलेले, जुलैत कोंबले ते तसेच. त्यांच्यावर एक मऊ राखाडी थर बसलाय. मी तो पुसत नाही. पुसला तर मी काही म्हणतेय असं तिला वाटेल, आणि या एका बाबतीत मी जुलैपासून तोंड मिटून आहे. बाकी सगळ्या बाबतीत मी बोलते, अगदी भरपूर बोलते. शेजारी साक्षीला आहेत. पण इथे माझी जीभ उचलत नाही, कारण माझी भीती अगदी साधी आहे आणि ती इथेच सांगून टाकते. माझे पाय याच वयात थांबले ते थांबलेच. कोणी थांबवले नाहीत, कोणाशी भांडण झालं नाही. हिचे तसे थांबू नयेत.

शाळेत मीही खो-खो खेळायचे. पळण्यात मी बेताचीच होते, पण खांबावर सूर मारण्यात माझा कोणी हात धरू शकत नव्हतं. धावत यायचं, एका हाताने खांब धरायचा, अंग झोकून द्यायचं आणि पळणाऱ्या पोरीच्या टाचेला बोटं लावून मातीत पडायचं. पडण्याचं काही वाटत नसे. माती ओळखीची होती. गुडघ्यांवर बारा महिने खपल्या, एक सुकून पडते तोवर दुसरी तयार. आई कापसाचा बोळा घेऊन बसायची आणि म्हणायची, "हिचे गुडघे पाहून लोकाइले वाटन, आम्ही हिच्याकडून रोज फरशी घासून घेतो." आमच्या खेळाच्या टेंभुर्णे मॅडम साडेचारला शिट्टी वाजवायच्या. ती वाजली की चाळीस मुली बॅगा भिंतीशी फेकून मैदानात सुटायच्या. आधी बॅग फेकायची आणि मग पळायचं, असा तेव्हाचा क्रम होता. पुढे तो उलटा होणार होता हे कोणाला माहीत होतं.

कॉलेजातही मैदान होतं. शाळेच्या दुप्पट होतं. पण ते मुलांचं होतं. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं, पण चारी बाजूंनी त्यांची क्रिकेटं चालायची आणि मुली कडेच्या बाकांवर ओढण्या सारख्या करत बसायच्या. मीही बसले. पहिले काही दिवस साडेचार वाजले की मला काहीतरी व्हायचं. भूक लागल्यासारखं, पण भूक नव्हे. मी बाकाखाली टाचा हलवत राहायचे. शिट्टी काही वाजायची नाही. मग मावशीची जुनी मोपेड माझ्याकडे आली आणि सायकल गॅलरीत गेली. तोंडाला स्कार्फ, हाताला लांब मोजे, डोळ्यांना गॉगल, असं पूर्ण गुंडाळून मी कॉलेजला जाऊ लागले आणि मोठी झाल्याचा मला फार अभिमान वाटला. त्या दिवाळीत पायांना तेल लावताना आई थांबली, गुडघ्यांवरून हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाली, "पाय कसे छान झाले वं तुझे आता." मीही खूश झाले. आपलं काही गेलंय असं वाटलंच नाही. कोणी ओढून घेतलं असतं तर निदान ओरडले तरी असते.

त्याच सुमारास नंदाचे पाय ठणकायला लागले.

नंदा पारशिवनीकडच्या एका खेड्यातून अकरावीसाठी आली होती. आमच्याच गल्लीत तिच्या मामाकडे राहायची, माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मामाने मोठ्या कौतुकाने आणली होती आणि मामी तिला केरसुणीला हात लावू देत नव्हती. पाण्याचा पेलासुद्धा हातात. "तू फक्त अभ्यास कर." गावाकडे रोज शाळेचे जाऊन-येऊन सहा किलोमीटर, वर पाणी आणणं, वर वावरातलं निंदण. इथे खुर्ची. एक दिवस ती म्हणाली, "मले झोपच नाही लागत वं. पाय ठणकते रात्रभर."

"काम जास्त पडतं का?"

"काम नाही पडत, म्हणून तं ठणकते."

मी दोन दिवस यावर हसले. तिसऱ्या दिवशी बाकाखाली हलणाऱ्या माझ्याच टाचांकडे लक्ष गेलं आणि हसू गेलं. मी म्हटलं, "सकाळी पळू या का?"

"कोणाच्या मांगं?"

"कोणाच्याच नाही. असंच."

"असंच कोण पयते?" तिला खरंच कळेना. तरी आली. थंडीचे दिवस, सहाला पंधरा मिनिटं कमी, आम्ही दोघी सलवार-कुर्त्यात, ओढण्या कमरेला बांधून. गल्लीचं टोक गाठेपर्यंत तीन जणांनी थांबवलं. सडा टाकणाऱ्या काकूंच्या हातातली बादली तशीच राहिली. "काय झालं वं? घरी सगळं ठीक आहे नं?" पेपरवाल्याने सायकल आडवी घातली. "कोणी मांगं लागलं का?" तिसऱ्याने तर काही न विचारताच आमच्या मागे कोण आहे ते पाहायला धाव घेतली. म्हणजे मुलगी पळतेय तर एक तर घरात कोणी गेलं, नाही तर मागे कोणी लागलं. तिसरं कारणच नाही. आम्ही माना खाली घालून चालत परत आलो.

उपाय नंदाने काढला. कॉलेजात बाकावर बसून, शेंगा सोलत, अगदी शेतकी सल्ला द्यावा तसा. "आमच्या गावात पोरगी कुठीही जाऊ दे, तिच्याजवळ काम दिसलं पाहिजे. डोक्यावर पाण्याचा गुंड असला, काखेत टोपलं असलं, तं ते चालो का पयो, कोणी नाही इचारत. रिकाम्या हातानं निंघाली का सारं गाव इचारते, कुठी चालली वं?" मग माझ्या दप्तराकडे बोट केलं. "हे घेऊ पाठीवर."

दुसऱ्या दिवशी आम्ही बॅगा घेऊन पळालो. फिजिक्सचं जाड पुस्तक, दोन वह्या, कंपास आणि एक रिकामा डबा. डब्यातला चमचा खुळखुळ वाजायला लागला म्हणून नंदाने त्यात रुमाल कोंबला. आणि काय सांगू, सगळा रस्ता आमचा झाला! काकूंनी सड्याची बादली बाजूला घेतली. पेपरवाल्याने वाट दिली. "ट्यूशनले चालल्या वाटते, जाऊ द्या, जाऊ द्या." आमच्या गावात ट्यूशनला उशीर झालेल्या पोराला अँब्युलन्सचा मान आहे. आमची ट्यूशन संध्याकाळी असायची, पण ते रस्त्याला कुठे ठाऊक होतं.

गल्लीतून निघून अंबाझरी तलावाच्या बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं. ती थंडी मला अजून अंगावर जाणवते. पहिली पाच मिनिटं दात वाजायचे, मग स्वेटरच्या आत ऊब तयार व्हायची, ती मानेपर्यंत चढायची, आणि मग कानांच्या पाळ्या सोडून सगळं अंग गरम. कुठेतरी पोह्यांच्या गाडीवर तर्रीच्या रश्शाला फोडणी पडलेली, तिचा ठसका नाकात जायचा. बांधाच्या अलीकडे नर्सरी होती, तिथून ओल्या मातीचा वास यायचा, मैदानातला जुना वास. पाठीवर पुस्तकं धपधप आपटायची. मी पुन्हा पळत होते. घरी येऊन दोन वाट्या पोहे जास्त खायचे आणि आई म्हणायची, अभ्यासाने भूक वाढली हिची.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी बोरकर काका आले.

बोरकर काका शेजारच्या इमारतीत राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरी कानटोपी, एक म्हातारी स्कूटर. ती आडवी करून, कानात काहीतरी सांगितल्यासारखं करून मग किक मारावी लागे. पायाशी दुधाची किटली. माझ्या बाबांचे ते जुने स्नेही. त्यांनी आमच्या बाजूला स्कूटर थांबवली आणि भयंकर कळवळून म्हणाले, "अरे, तुम्हाले रोज उशीर होऊन राहिला का? मी चार दिवस झाले पाहून राहिलो. बसा, बसा! मित्राची पोरगी पायी पळते अन् मी गाडीवर, बाबाले काय तोंड दाखवू तुझ्या?"

दोघी मुकाट्याने मागे बसलो, ट्रिपल सीट, मध्ये किटली कुठे ठेवायची हा प्रश्न नंदाने मांडीवर घेऊन सोडवला. "कोणता क्लास?" काकांनी विचारलं. समोर जी पाटी दिसली तिचं नाव मी घेतलं. ते तिथे थांबले. आम्ही उतरलो. ते जाईनात. हात हलवून म्हणाले, "जा, जा, आत जा, मग निघतो मी." आम्ही आत गेलो.

आत बारावीची बॅच होती. आम्ही अकरावीच्या. शेवटच्या बाकावर तासभर बसलो. सरांनी नेमकं नंदालाच उभं केलं. ती म्हणाली, "सर, मले नाही येत." सर म्हणाले, "चला, एक तं खरं बोललं इथे कोणी." मी बाकाखाली शिरायचीच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यावर स्कूटर चालू करून उभेच. आम्ही दहा मिनिटं आधी निघालो, तर तेही दहा मिनिटं आधी. मागच्या गल्लीने गेलो, तर तिच्या तोंडाशी काका. "मले वाटलंच, शॉर्टकट घेऊन राहिल्या असाल." एवढ्या मायेने अडवलेलं माणूस सुटणार कसं? कोणी रागावून थांबवलं असतं तर आम्ही चोरून पळालो असतो. काका प्रेमाने थांबवत होते, गाडीवर बसवून. दहा दिवस आम्ही बारावीचं फिजिक्स ऐकलं. पाय पुन्हा ठणकायला लागले, आता दोघींचे. अकराव्या दिवशी काका स्कूटर थांबवता थांबवता म्हणाले, "आज संध्याकाळी बाबांना भेटतो तुझ्या. सांगून देतो, सकाळची काळजी सोडा. वर्षभर मीच सोडत जाईन पोरींना."

वर्षभर! आणि वर बाबांना सांगणार! नंदा स्कूटरवरून उतरली, किटली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, आमाले उशीर नाही होत. सकायी आमचा क्लासच नाही. आम्ही असेच पयतो. पयलो नाही तं मले झोप नाही येत."

काका तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. "मंग ह्या बॅगा काहून?"

नंदाने माझ्याकडे पाहिलं. माझी पाळी होती. काका माझ्या बाबांचे मित्र, गल्ली माझी, पळायचं सुचलं होतं तेही मला. मी बुटांकडे पाहत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "लोक इचारतात, काका. तुम्ही बी इचारलंच नं."

काकांनी स्कूटर बंद केली. ती बंद झाल्यावर सकाळ किती शांत होती ते कळलं. त्यांनी कानटोपी वर सरकवली, पुन्हा खाली ओढली. मला वाटलं, आता बाबांचं नाव निघणार. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आणा इकडे."

आम्ही बॅगा दिल्या. एक त्यांनी हँडलच्या हुकाला अडकवली, दुसरी किटलीशेजारी पायाशी ठेवली. "आता पळा. मी येतो मागून. कोणी विचारलं तं मी सांगतो."

तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला. "काय सांगाल?"

"सांगीन, स्कूटर बंद पडली, पोरी मेकॅनिकले बोलवायले चालल्या."

त्या थंडीतल्या उरलेल्या सगळ्या सकाळी मला एकच सकाळ वाटतात. पुढे आम्ही दोघी रिकाम्या पाठींनी, आणि मागे पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत येणारी स्कूटर. बांधावर पोचलो की काका खिशातून संत्री काढायचे. थंड संत्रं थंड हातांनी सोलायचं, बोटं पिवळी व्हायची. रविवारी बोरकर काकू सांबारवड्या द्यायच्या, आणि सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर हे नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. नंदाला आता गाढ झोप लागायची. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. सवय झाली त्यांना. पळणाऱ्या पोरींची सवय व्हायला गल्लीला जेमतेम महिना लागला. आम्हालाच ते खरं वाटत नव्हतं.

मग बारावी आली. खरोखरचा क्लास सकाळी सहाचा मिळाला, आणि मला रोज खरोखरच उशीर होऊ लागला. मी मोपेडवरून जायचे. काका कोपऱ्यावर दिसले की हात हलवायचे, मीही हलवायचे, थांबायला वेळ नसायचा. नंदा पुढे शेतकी शिकायला दुसऱ्या गावी गेली. एकटीने पळावं असं मला कधी सुचलं नाही. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दाराशी ती स्कूटर कितीतरी दिवस आडवी टेकून उभी होती.

त्यानंतर मी व्यायाम केलाच नाही असं नाही. लग्न ठरलं तेव्हा दोन महिने केला, साखरपुड्याच्या साडीचं ब्लाउज नीट बसावं म्हणून. रूही झाली तेव्हा केला, पोट आत जावं म्हणून. थायरॉइड निघालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालले, रिपोर्ट नॉर्मल आला त्या दिवशी बंद. आजूबाजूला विचारलं तर सगळ्यांचं असंच. प्रत्येकीकडे काही ना काही कारण, आणि कारण संपलं की व्यायामही संपला. आता वाटतं, नंदाने शेंगा सोलता सोलता सांगितलं ते किती खरं होतं. आम्ही सगळ्या पाठीवर कसल्या ना कसल्या बॅगा घेऊनच घराबाहेर पडलो. आणि थोडं खरं बोलायचं तर काकांची स्कूटरही तशीच एक बॅग होती, फार मायेची, पण बॅगच.

ती रनिंगवाली मुलगी भेटली त्या दुपारी मी नंदाला फोन लावला. ती आता पारशिवनीकडेच आहे, नवऱ्याबरोबर संत्र्याची बाग पाहते. सगळं ऐकून ती एवढी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "म्हंजे आता तू बोरकर काका झाली का!" मग विचारलं, "पयतं का नाही अजून?"

"नाही वं. तू?"

"मी बागेतून सकायी चार चकरा मारतो. पयत पयत."

"कोणी विचारत नाही?"

"इचारते नं. मी म्हणतो, वांदरं हाकलून राहिली." आणि पुन्हा हसली. तिने शेवटी तिची बॅग शोधून काढलीच होती.

संध्याकाळी रूही क्लासवरून आली. सात तास बसून आलेली पोरगी सोफ्यावर जशी पसरते तशी पसरली. मी तिच्यापुढे संत्री ठेवली आणि सहज, गंमत म्हणून, सगळी गोष्ट सांगितली. बारावीचं फिजिक्स आलं तेव्हा ती उठून बसली. मेकॅनिकचं आलं तेव्हा तिच्या तोंडातली फोड बाहेर आली. मला बरं वाटत होतं. मनात म्हटलं, बघ, न बोलता कसं पोचवलं. आता ही उठून बूट पुसेल.

तिने सालं गोळा केली, वाटीत टाकली आणि विचारलं, "मग मम्मी, तू आता काहून नाही पळत? काका नाहीत म्हणून?"

"मला कुठे वेळ..." मी म्हणाले आणि थांबले. जुलैपासून हे वाक्य खो-खोच्या मैत्रिणींना फोनवर तीच सांगत होती.

"तू रोज माझ्या शूजकडे बघते," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. "मला दिसते नं. तुझे कुठे आहेत?"

मला बूटच नव्हते. घरात चार माणसांच्या चपला, सँडल, लग्नाकार्याच्या टाचा, पावसाळी प्लास्टिकचे जोड, सगळं होतं; माझे पळायचे बूट नव्हते. पंचवीस वर्षं. मी संत्र्याच्या वाटीकडे बघत बसले, तेव्हा काकांसमोर बुटांकडे पाहत होते तशी. मला रडू येईल असं वाटलं, पण हसू आलं, आणि रूहीला वाटलं मी तिलाच हसतेय.

रविवारी आम्ही बाजारात जाऊन बूट आणले. भडक गुलाबी होते. दुसरा रंग माझ्या मापात नव्हता असं दुकानदार म्हणाला, रूही म्हणते तो खोटं बोलला आणि तुला तेच आवडले होते. तिने स्वतःचे बूट फळीवरून काढले, आपटले, धुळीचा थर गॅलरीत उडाला. मोजे धुवायला टाकले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर माती झाली असती.

सोमवारी साडेपाचला उठलो. मी सवयीने गाडीची किल्ली घेतली, तिची बॅगही खांद्याला लावली. "तू पळ पुढे, मी येते मागून गाडीवर," मी म्हणाले. माझ्या तोंडून बोरकर काकाच बोलले. रूहीने किल्ली माझ्या हातातून घेऊन खिळ्याला लावली, बॅग खुर्चीवर ठेवली. "बॅग क्लासला जाताना. आता नाही."

कोपऱ्यापर्यंत ठीक होतं. नर्सरीपर्यंत गेले तेव्हा छातीत भाता चालू झाला. ओल्या मातीचा वास तोच होता, पण तो नाकाने घ्यायला उसंत नव्हती, मी तोंडानेच श्वास घेत होते. बांध अजून दूर. मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले. रूही बाजूला उभ्या उभ्या पळत होती, थंडीत तिच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आणि तिचा चेहरा मला शाळेतल्यासारखा दिसला. खरंच सांगते, त्या क्षणी मी इतकी सुखात होते की दम लागल्याचंही कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात एक गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. चाळिशीचा माणूस, गळ्यात ऑफिसचा पट्टा, मिहानमधल्या कुठल्या कंपनीच्या पहिल्या शिफ्टला निघालेला असावा. चेहऱ्यावर तीच ती नागपुरी काळजी. "काय झालं ताई? उशीर होऊन राहिला का? कुठी सोडून देऊ? बसा, बसा."

रूहीने माझ्याकडे पाहिलं. असंच एकदा नंदाने पाहिलं होतं.

मी सरळ उभी राहिले. दम होता तेवढा गोळा केला. "नाही दादा, उशीर नाही झाला. आम्ही असंच पळून राहिलो."

"असं का," तो म्हणाला. आणखी काही विचारलं नाही. गाडी निघून गेली.

रूही पुढे पळू लागली आणि मी तिच्या मागे. पाठीवर काहीच नव्हतं, त्यामुळे थंडी सरळ पाठीला लागत होती.